एका काडतुसाचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

विमानतळावर सामान तपासण्याचे यंत्र असते. एका बाजूने पिशव्या आत जातात, दुसऱ्या बाजूने बाहेर येतात आणि मध्ये एक जवान पडद्याकडे टक लावून बसलेला असतो. २०१७ सालच्या जानेवारीत माझी बॅग त्या यंत्रात गेली आणि सरकता पट्टा थांबला. मग तो थोडा उलटा फिरला, पुन्हा पुढे आला, पुन्हा थांबला. जवानाने शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली. मला वाटले, दाढीच्या सामानात कात्री राहिली असेल.

मी परराज्यात एका कविसंमेलनाला गेलो होतो. जाताना रेल्वेने गेलो. परतीचे विमानाचे तिकीट आयोजकांनी काढून दिले होते, म्हणून विमानतळावर आलो. जाताना तपासणी झाली असती तर पुढची गोष्ट आपल्याच मुलखात घडली असती. ती परमुलखात घडायची होती.

बॅग रिकामी करण्यात आली. दोन सदरे, टॉवेल, कवितांची वही, संत्राबर्फीचा डबा. काहीच सापडेना. मग एका अधिकाऱ्याने बॅगेच्या तळाचे अस्तर बोटांनी चाचपले. एका कोपऱ्यात शिवण उसवली होती. तिथून त्याने दोन बोटांत धरून एक वस्तू काढली. करंगळीच्या दोन पेरांएवढी, पितळेची, हिरवट डाग पडलेली. ते काडतूस होते.

"हे कोणाचे?" त्याने हिंदीत विचारले.

मी म्हणालो, "माझ्या मामूंचे."

"ते कुठे आहेत?"

"ते वारले."

मित्रहो, खरे उत्तर कधीकधी किती खोटे वाटते, हे मला त्या दिवशी कळले. त्या एका काडतुसामुळे माझे चौदा महिने गेले. त्या काळात वकिलांकडून, पोलिसांकडून आणि जुन्या कागदांतून मला जे समजले, ते आज तुम्हाला सांगावे असे वाटते. कारण आपल्या विदर्भात परवान्याचे हत्यार असलेली घरे कमी नाहीत, आणि हत्याराची काळजी घेणारा माणूसही सुट्या काडतुसाबाबत बेफिकीर असतो.

आधी मामूंविषयी. ते काटोलकडचे. संत्र्याचा बगिचा आणि त्याबरोबर संत्र्याचा व्यापार. आंबिया बहार असो की मृग बहार, माल कळमन्याच्या बाजारात यायचा आणि पैसे रोख मिळायचे. बँका लवकर बंद होत, आणि रात्री रस्ता सुना. एकदा वाटेत त्यांना अडवून मारहाण झाली. त्यानंतर त्यांनी परवाना काढला आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. पुढे वीस-बावीस वर्षे ते त्यांच्या कमरेला, कोटाच्या आत राहिले. त्यांनी ते माणसावर कधी रोखले नाही.

रिव्हॉल्व्हरच्या चकरीत सहा काडतुसे बसतात. मामू आणखी सहा एका चामडी पाकिटात ठेवायचे. मी कॉलेजात बी.ए. करत होतो तेव्हा त्यांना विचारले होते, "मामू, सहा पुरत नाहीत का?"

ते म्हणाले, "सहाही लागू नयेत बेटा, हीच दुआ आहे. पण सहा संपल्यावर काय, हा विचार आला की झोप लागत नाही."

जवळ हत्यार बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न असतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल या गावी ६ एप्रिल १९७० रोजी महामार्ग पोलिसांचे चार शिपाई काही मिनिटांच्या चकमकीत मारले गेले. त्यांतला एक जण रिकामे झालेले रिव्हॉल्व्हर पुन्हा भरत असताना मारला गेला. सुटी काडतुसे एकेक करून चकरीत घालायला लागणारा वेळ त्याला मिळाला नाही. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी सहा काडतुसे एकदम भरता येतील अशी गोल चकती, म्हणजे स्पीडलोडर, वापरायला घेतली. पुढे ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफ.बी.आय.चे दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. तिथेही एका अधिकाऱ्याला जखमी हाताने रिव्हॉल्व्हर भरता आले नाही. यानंतर त्या खात्याने रिव्हॉल्व्हर सोडून मॅगझिनच्या पिस्तुलांकडे मोर्चा वळवला. रिकामे मॅगझिन काढायचे, भरलेले दुसरे ढकलायचे, की काम झाले.

पण हे पोलिसांचे झाले. त्यांना गुन्हेगाराच्या मागे जावे लागते. सामान्य माणसाचे काम उलटे असते, त्याला तिथून निसटायचे असते. तरीही आज अमेरिकेत पंचविसाहून अधिक राज्यांत परवाना न काढताही झाकलेले पिस्तूल जवळ बाळगता येते. त्यामुळे जादा मॅगझिन एक ठेवावे की दोन, डाव्या खिशात की पट्ट्याला, यावर तिथे चहाच्या टेबलावर वाद होतात. आपल्याकडे हा वाद होत नाही, कारण आपल्याकडे प्रश्नच वेगळा आहे. तिथे विचारतात, किती पुरतील? इथे सरकार विचारते, किती आहेत आणि कुठे आहेत?

हा दुसरा प्रश्न समजून घेण्याआधी काडतूस म्हणजे नेमके काय, ते पाहू. हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. आपण बोलताना गोळी आणि काडतूस एकच समजतो, पण गोळी हा काडतुसाचा एक भाग झाला. खाली पितळेची पोकळ खोळ असते. तिच्या बुडाशी मध्यभागी एक लहानशी टोपी असते. तिच्यात आघाताने पेटणारे रसायन असते. खोळीत बिनधुराची दारू असते आणि तोंडाशी शिशाची गोळी घट्ट बसवलेली असते. हत्याराचा खटका टोपीवर बसला की टोपी पेटते, तिची ठिणगी दारूला लागते आणि दारूच्या वायूने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते.

म्हणजे बंदूक ही केवळ नळी आणि खटका. शक्ती असते ती काडतुसात. क्रांतिकारकांनाही हे ठाऊक होते. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली, तेव्हा काडतुसेही बरोबर पाठवली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. इतिहासात आपण त्या पिस्तुलाविषयी वाचतो. काडतुसाचे नाव मागे पडते.

इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्याराबरोबर दारूगोळ्यावरही परवाना लादला होता. स्वातंत्र्यानंतर आपण १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात 'अग्निशस्त्र किंवा दारूगोळा' असे शब्द आहेत. परवान्याशिवाय यांपैकी काहीही मिळवता, बाळगता किंवा जवळ घेऊन फिरता येत नाही. त्यातला 'किंवा' हा शब्द मला चौदा महिने छळत होता. हत्यार नसले, नुसते एकच काडतूस असले, तरी कलम लागू होते.

परवान्याचे पुस्तक तुम्ही पाहिले असेल तर त्यात काडतुसांचे दोन आकडे लिहिलेले असतात. एका वेळी जास्तीत जास्त किती बाळगता येतील, हा एक आकडा. वर्षभरात किती विकत घेता येतील, हा दुसरा. विक्रेता काडतुसे देताना परवान्यावर नोंद करतो आणि स्वतःच्या वहीतही करतो. म्हणजे घरात आहेत, चकरीत आहेत, पाकिटात आहेत, कपाटात आहेत, ती सगळी मिळून पहिल्या आकड्यात बसली पाहिजेत. खिशातली सहा 'जादा' आहेत असे आपण म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने जादा असे काही नसते. मोजलेली असतात किंवा बेहिशेबी असतात, एवढेच.

हत्यार कसे न्यावे याचाही नियम आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे तर ते म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. ते काढून मिरवणे किंवा हवेत बार काढणे याला सक्त मनाई आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, शाळा-कॉलेजचे आवार इथे ते न्यायचेच नाही, ही अट तर जुन्या परवान्यांवरही असायची. २०१९ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला. एका माणसाला पूर्वी तीन हत्यारे ठेवता येत, आता दोनच. लग्नाच्या वरातीत आनंदाने बार उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. विनापरवाना हत्यार किंवा दारूगोळा बाळगण्याची शिक्षा पूर्वी एक ते तीन वर्षे होती, ती दोन ते पाच वर्षे झाली. माझे प्रकरण २०१७ चे, म्हणून मला जुनी शिक्षा लागू होती. एक ते तीन वर्षे. वकिलांनी हा आकडा सांगितला तेव्हा समोर ठेवलेला चहा मी तसाच सोडला.

आता पुन्हा त्या दिवसाकडे येतो.

विमानतळाच्या सुरक्षा दलाने मला स्थानिक पोलिसांच्या ताब्यात दिले. विमान निघून गेले. ठाण्यात मला खुर्ची दिली, पाणी दिले. कुणी वाईट बोलले नाही, हे मुद्दाम सांगतो. अधिकाऱ्याने माझे नाव लिहून घेतले. मग त्याने एकवार नावाकडे आणि एकवार माझ्याकडे पाहिले. व्यवसाय विचारला. मी नोकरीचे सांगितले आणि म्हणालो की कविता लिहितो.

"उर्दूत?"

"मराठीत."

"मराठीत? तुम्ही?"

हा प्रश्न मला नवा नाही. तो मला साहित्य संमेलनांतही विचारला जातो आणि नातेवाइकांच्या लग्नातही. एरवी मी हसून उत्तर देतो. त्या दिवशी मला हसता आले नाही. माझे नाव, माझी भाषा आणि टेबलावरचे ते काडतूस, या तिन्हींचा मेळ त्याला घालायचा होता. मी वही उघडून एक कविता वाचून दाखवली. त्याला मराठी येत नव्हते, पण त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाला, "गुन्हा तर दाखल करावाच लागेल. आमच्या हातात नाही."

त्याचे चुकले नव्हते. माझ्या बॅगेत काडतूस होते आणि माझ्या नावावर परवाना नव्हता. त्यांनी मला अटक केली नाही. बोलावू तेव्हा हजर राहावे, अशी नोटीस देऊन रात्री सोडले. मी स्टेशनवर जाऊन मिळेल त्या गाडीने नागपूरला आलो.

मी नोकरदार माणूस. फौजदारी गुन्हा दाखल झाला हे कार्यालयाला कळवणे भाग होते. कळवले. माझ्या बढतीची फाईल बाजूला ठेवली गेली. कुणी कारण बोलले नाही, पण जेवणाच्या सुटीत माझ्या टेबलाभोवती बसणारी चार माणसे दोनवर आली. पत्नी रात्री उठून दाराची कडी पाहायची. आमच्या घरात तोवर पोलिसांचा विषय कधी निघाला नव्हता.

वकिलांनी मला धीर दिला तो एका शब्दाने. तो शब्द म्हणजे जाणीव. कायद्यात 'बाळगणे' म्हणजे वस्तू नुसती जवळ असणे नव्हे, ती जवळ आहे याची जाणीव असणे. १९७२ साली गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र अधिनियमासंबंधी हे स्पष्ट केले. १९९४ साली मुंबईच्या संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने टाडा कायद्याच्या संदर्भात तेच तत्त्व मांडले, की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. त्या आधारावर उच्च न्यायालयांनी विमानतळांवर विसरून राहिलेल्या एखाददुसऱ्या काडतुसाची प्रकरणे रद्द केली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने तर अशी कितीतरी केली. बहुतेकांत गोष्ट एकच असते. बॅग वडिलांची, भावाची किंवा नवऱ्याची. घाईत उचललेली.

"पण," वकील म्हणाले, "जाणीव नव्हती हे बोलून भागत नाही. काडतूस कुठून आले त्याची साखळी दाखवावी लागते."

ती साखळी शोधायला मी काटोलला मामींकडे गेलो.

मामू २०१३ साली वारले. परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसाकडे आपोआप जात नाही. वारसांनी हत्यार आणि काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. नंतर कुणाला हवे असेल त्याने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. मामेभावाने हे सगळे रीतसर केले होते. चाळिसावा होण्याआधीच त्याने रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे जमा करून पावती घेतली होती. पावतीवर आकडा होता, सतरा.

मामूंच्या परवान्यावर शेवटची खरेदी वीसची होती, २००४ सालची. पूर्वीची सगळी तेव्हाच जमा केलेली. मग तीन गेली कुठे?

मामींनी संदुकीतून एक बारकी वही काढून दिली. संत्र्याच्या हिशेबाची. मागच्या पानांवर मामूंनी उर्दूत काडतुसांचा हिशेब लिहिला होता. दर ईदेला ते मोजणी करीत. वीस, वीस, वीस. मग एका वर्षी, दोन हिरवी पडली, दुकानदाराला परत केली. त्याखाली अठरा, अठरा. आणि २०११ च्या नोंदीत सतरा. पुढे दोनच शब्द, एक मिलत नाही या अर्थाचे. त्याखाली त्यांनी रेघ मारली होती आणि रेघेखाली पुन्हा सतरा लिहिले होते.

मी ते पान बराच वेळ पाहत राहिलो. म्हणजे मामूंना माहीत होते. काडतूस हरवले तर लगेच जवळच्या ठाण्यात कळवायचे, ही परवान्याची अटच असते. ती त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. बाजारात ज्याच्या शब्दावर ट्रकभर माल उतरायचा, त्या माणसाला ठाण्यात जाऊन "माझे एक काडतूस हरवले" असे सांगण्याची लाज वाटली असावी. किंवा भीती. तिथे आपले नाव उच्चारल्यावर पुढचा प्रश्न काय येईल, याची भीती. ती भीती मला आता समजते, कारण मीही त्या खुर्चीवर बसून आलो आहे. पण कळवले असते तर त्या दिवशी ठाण्याच्या डायरीत एक ओळ पडली असती आणि सहा वर्षांनी तीच ओळ माझ्या कामी आली असती.

काडतूस बॅगेत कसे गेले याचा अंदाजही त्याच वहीने दिला. ती चामडी बॅग त्यांची कळमन्याला न्यायची बॅग. पाकिटाची शिवण सैल झाली होती, म्हणून त्यांनी ते बदलल्याची नोंद होती. जुन्या पाकिटातून एक निसटले असेल आणि अस्तराच्या फटीतून आत गेले असेल. मामू वारल्यावर ती बॅग मामींनी मला दिली, आठवण म्हणून. मी ती चार वर्षे खांद्याला लावून फिरत होतो. शाळांत, ग्रंथालयांत, संमेलनांत.

वही, परवाना, खरेदीची नोंद, जमा केल्याची पावती, सगळे न्यायालयासमोर गेले. बॅगेतले काडतूस त्याच बोअरचे आणि त्याच जातीचे निघाले. २०१८ च्या मार्चमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. निकाल दोन-तीन पानांचा होता. माझ्याकडे जाणीवपूर्वक ताबा नव्हता, एवढेच त्यात होते. बढतीची फाईल त्यानंतर चार महिन्यांनी हलली. जेवणाच्या सुटीतली दोन माणसे परत आली नाहीत.

आता ज्यांच्या घरी परवान्याचे हत्यार आहे त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी सांगतो. मी नेमबाज नाही. या गोष्टी मला हत्यारांच्या एका जुन्या विक्रेत्याने आणि वकिलांनी सांगितल्या.

पहिली गोष्ट मापाची. .३२ म्हटले की सगळी काडतुसे एक, असे समजू नका. रिव्हॉल्व्हरचे .३२ लांब असते आणि त्याच्या बुडाला कडा असते. पिस्तुलाचे .३२ आखूड असते. आकडा एक असला तरी एकाचे दुसऱ्यात चालत नाही. जवळचे सुटे काडतूस आपल्याच हत्याराचे आहे ना, हे बुडावरची अक्षरे वाचून पाहावे.

दुसरी गोष्ट साठवणीची. काडतुसे चामड्याच्या पाकिटात किंवा पट्ट्यात वर्षानुवर्षे ठेवू नयेत. कमावलेल्या चामड्यातल्या द्रव्यांनी पितळेवर हिरवा गंज चढतो. मामूंची दोन त्यानेच गेली. मूळ डब्यात, कोरड्या आणि थंड जागी, हत्यारापासून वेगळी, कुलपात ठेवावीत. तेल लावून पुसू नयेत. तेल टोपीत झिरपले की काडतूस ऐन वेळी उडत नाही. पिस्तूलवाल्यांनी तेच ते काडतूस रोज भरू-काढू नये. गोळी हळूहळू खोळीत आत दबते आणि दाब धोकादायक वाढतो.

तिसरी गोष्ट मुलांची. सुटे काडतूस आगीत पडले किंवा कुणी दगडाने ठेचले तर ते फुटते. नळी नसल्यामुळे गोळी फार जोराने जात नाही, पण पितळेच्या खोळीचे तुकडे उडतात आणि त्यांनी डोळा जाऊ शकतो. खिशात चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर काडतूस टाकणारा माणूस ते घरी कुठेही काढून ठेवतो आणि मग ते लहान मुलाला सापडते.

चौथी गोष्ट प्रवासाची. विमानात हातातल्या सामानात काडतूस कधीच चालत नाही. न्यायचेच असेल तर परवाना दाखवून, विमान कंपनीला आधी सांगून, नियमाप्रमाणे बांधून, जमा करायच्या सामानातून. आणि ज्या बॅगेत एकदा काडतुसे ठेवली ती बॅग दुसऱ्या कशालाही वापरू नये, कुणाला भेट तर मुळीच देऊ नये.

पाचवी गोष्ट सगळ्यात सोपी, आणि तीच होत नाही. मोजा. महिन्यातून एकदा, दिवस ठरवून मोजा. एक कमी भरले तर त्याच दिवशी ठाण्यात लिहून द्या आणि पोच घ्या. लाज वाटली तरी द्या.

आपण नागपूरकर या कारखान्यांच्या शेजारी राहतो. अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना १९६६ पासून आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला लहान हत्यारांची काडतुसे बनतात. भंडाऱ्याच्या जवाहरनगरला स्फोटके आणि दारू बनते. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला आणि कामगार गेले. काडतूस वा बॉम्ब, त्यात भरायची दारू कुणीतरी जीव मुठीत धरून बनवत असते. ती वस्तू आपण अस्तराच्या फटीत विसरून जावी, हे बरे नाही.

मामूंवर मी रागावलो का, असे मला मामेभावाने विचारले होते. थोडे दिवस रागावलो. मग त्यांचे ते पान आठवायचे. एक नाहीसे झाले हे ज्याने इमानाने लिहून ठेवले, पण कुणाला सांगितले नाही, त्या माणसावर किती दिवस रागावणार? त्यांच्या लिहिण्याने मी सुटलो आणि त्यांच्या न सांगण्याने अडकलो होतो.

बॅग पोलिसांकडून परत मिळाली. मी तळाचे अस्तर पूर्ण काढून टाकले आणि बॅग माळ्यावर ठेवली. प्रवासाला आता कापडी पिशवी नेतो. तरीही निघण्याआधी ती पलंगावर उलटी करून झटकतो. पत्नी विचारते, "आता काय शोधताय?"

मी म्हणतो, "काही नाही. हिशेब पाहतोय."